शिकागो की लुईव्हिल: दोन जलमनोरे

अमेरिकेतल्या या दोन शहरांचे मनोरे टाक्या नव्हेत. आत उभा नळ होता. वाफेच्या पंपाच्या प्रत्येक ठोक्याला पाण्याचा दाब उसळायचा. नळातली पातळी वर-खाली होऊन तो धक्का पचवायची, नाहीतर शहरातल्या नळवाहिन्या फुटल्या असत्या.

लुईव्हिलचा मनोरा १८६०चा, प्राचीन ग्रीक धाटणीच्या डोरिक स्तंभासारखा. नळाभोवतीचं आवरण लाकडी फळ्यांचं होतं. २७ मार्च १८९०च्या टोर्नेडोत (भोवऱ्यासारख्या वादळात) ते कोसळलं. नंतर ओतीव लोखंड आलं.

शिकागोचा १८६९चा. वास्तुकार विल्यम बॉयिंग्टनने पिवळट चुनखडीत किल्लाच रचला. नळ १३८ फूट उंच, ३ फूट व्यासाचा. १८७१च्या आगीत मनोरा वाचला, पण शेजारच्या पंपगृहाचं छत जळून पंप थांबले.

डौल लुईव्हिलचा, टिकाऊपणात मात्र शिकागोचा दगडच सरस.