प्लास्मिड वेगळे करण्याचे शैक्षणिक किट : दोन सत्रांच्या वापरानंतर

मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात प्लास्मिडचे प्रात्यक्षिक बरीच वर्षे फळ्यावरच होत असे. खडूने एक मोठे वर्तुळ काढायचे, ते जीवाणूचे गुणसूत्र. शेजारी एक छोटे वर्तुळ, ते प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळे असलेले डीएनएचे छोटे कडे. आणि तास संपायचा. मागच्या वर्षी विभागाला थोडे अनुदान मिळाले, तेव्हा प्लास्मिड वेगळे करणे आणि ते नव्या जीवाणूत घालणे या दोन्ही भागांचे एक शैक्षणिक किट आम्ही मागवले आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सलग दोन सत्रे वापरले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा किटांची घडण एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असते आणि पुढे सांगितलेल्या उणिवा कोणतेही किट घेताना तपासून पाहाव्यात अशा आहेत.

खोके जुलैत, शनिवारी दुपारी, भर पावसात पोहोचले आणि सोमवारपर्यंत पहारेकऱ्याच्या चौकीत पडून राहिले. तरीही आतले काही बिघडले नव्हते, याचे श्रेय बांधणी ठरवणाऱ्यांना द्यायला हवे. उणे ८० अंशांवर ठेवाव्या लागणाऱ्या तयार पेशी न पाठवता त्यांनी ई. कोलाय या जीवाणूचा संच अगारमध्ये टोचून, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्यांत दिला होता, आणि अँपिसिलिन हे प्रतिजैविक विरघळवलेले नसून कोरड्या भुकटीच्या रूपात होते. मुंबईच्या हवेचा आणि इथल्या पोहोच व्यवस्थेचा ज्याला अनुभव आहे, त्यानेच हा निर्णय घेतला असावा.

वेगळे करण्याची रीत नेहमीचीच आहे. १९७९ मध्ये बर्नबॉइम आणि डॉली यांनी मांडलेली अल्कली वापरून पेशी फोडण्याची पद्धत, आणि तिच्या शेवटी डीएनए धरून ठेवणारा सिलिकाचा स्तंभ. रात्रभर वाढवलेल्या १.५ मिलिलिटर द्रवातील पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या आणि मग एकामागून एक तीन द्रावणे घालायची. माझी मुख्य तक्रार इथेच आहे. बाटल्यांवर केवळ १, २, ३ असे आकडे आहेत. आत काय आहे आणि ते काय करते, याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. वास्तविक या तीन बाटल्यांतच या प्रयोगाचे सारे सौंदर्य आहे. दुसऱ्या द्रावणातील सोडियम हायड्रॉक्साइड हा अल्कली आणि एसडीएस हा साबणासारखा पदार्थ पेशीचे आवरण विरघळवतात आणि डीएनएच्या दोन्ही साखळ्या एकमेकींपासून सुटतात. परंतु प्लास्मिड हे बंद कडे असल्यामुळे त्याच्या साखळ्या सुटूनही एकमेकींत अडकलेल्याच राहतात. तिसऱ्या, आम्लधर्मी पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या द्रावणाने अल्कलीचा जोर संपला की त्या साखळ्या चटकन पुन्हा जुळतात, तर गुणसूत्राच्या लांबलचक तुकड्यांना आपला जोडीदार सापडत नाही आणि ते गुंतून, प्रथिने व एसडीएसच्या साक्यासह, नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्यांत अडकतात. प्लास्मिड वरच्या निवळीत उरते.

हे समजले म्हणजे नळी लस्सीसारखी घुसळायची नाही, ती हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. जोरात हलवले तर गुणसूत्राचे बारीक तुकडे होतात आणि तेही निवळीत येतात. दुसऱ्या द्रावणात ५ मिनिटांहून अधिक वेळ गेला, तर खुद्द प्लास्मिडही कायमचे बिघडू शकते. पुस्तिका म्हणते, ‘हळुवार मिसळा’ आणि ‘५ मिनिटे थांबा’. पाककृतीला एवढे पुरे, प्रात्यक्षिकाला नाही. पहिल्याच दिवशी वातानुकूलित खोलीत दुसरे द्रावण गढूळ झाले आणि वर्गाने ते खराब ठरवले. थंडीने एसडीएस गोठतो आणि बाटली कोमट पाण्यात धरली की पुन्हा विरघळतो, ही एक ओळ पुस्तिकेत असती तर अर्धा तास वाचला असता.

स्तंभ धुण्याच्या द्रावणात, म्हणजे वॉश बफरमध्ये, अ‍ॅबसोल्यूट अल्कोहोल आपण घालायचे आहे, ही सूचना इतक्या बारीक अक्षरांत आहे की एका गटाने ते घातलेच नाही आणि त्यांच्या हाती काहीच लागले नाही. याहून गंभीर बाब अशी की स्तंभासाठीच्या द्रावणात ग्वानिडीनचा क्षार आहे. त्याच्या सांडपाण्यात ब्लीच ओतल्यास विषारी वायू तयार होऊ शकतात, आणि जीवाणूंचा कचरा ब्लीचमध्ये टाकण्याची सवय तर प्रत्येक प्रयोगशाळा-सहायकाला असते. हा इशारा झाकणावर ठळक लाल अक्षरांत हवा होता.

डीएनएचे रेणू वेगवेगळ्या वेगाने सरकवून वेगळे करणाऱ्या जेलवरचा निकाल उत्तम आला. किटमधील प्लास्मिड पीयूसी१९ आहे, त्याची लांबी २६८६ बेसजोड्या, आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. त्यामुळे नवख्या हातांनाही भरपूर डीएनए मिळतो. मात्र पुस्तिकेतल्या छायाचित्रात एकच पट्टा आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांना दोन दिसले, काहींना तीन. एकच प्लास्मिड घट्ट पिळलेल्या, सैल झालेल्या आणि तुटून सरळ झालेल्या अशा तीन रूपांत असू शकते, आणि पिळलेले रूप सर्वांत वेगाने पुढे सरकते. म्हणूनच ते सरळ डीएनएच्या मापपट्टीवर आपल्या खऱ्या लांबीपेक्षा लहान भासते. ‘सर, आपल्याला चुकीचे प्लास्मिड पाठवले आहे’, असे एका मुलीने ठामपणे सांगितले, आणि किटमधल्या माहितीवर तिचा निष्कर्ष अगदी रास्त होता. पीयूसी१९ ला एकाच जागी कापणारे इकोआरवन हे एन्झाइम सोबत दिले असते, तर सगळे पट्टे एका जागी येताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले असते. आम्हाला ते वेगळे विकत घ्यावे लागले.

ट्रान्सफॉर्मेशनचा, म्हणजे प्लास्मिड नव्या जीवाणूत घालण्याचा, भाग मला अधिक आवडला. कॅल्शियम क्लोराइडमध्ये थंड केलेल्या पेशींना ४२ अंशांचा क्षणिक धक्का द्यायचा आणि अँपिसिलिनच्या ताटलीवर कोण तगते ते पाहायचे, कारण ते नष्ट करणाऱ्या एन्झाइमचे जनुक प्लास्मिडवरच असते. आमच्याकडे बर्फाचे यंत्र नाही, म्हणून स्टेशनजवळच्या मासळी बाजारातून बर्फ आणला. त्या वासाने ट्रान्सफॉर्मेशन बिघडत नाही, एवढे अनुभवाने सांगता येते. प्लास्मिड शिरलेल्या वसाहतींना निळा रंग देणारे एक्स-गॅल घातलेल्या ताटलीवर निळ्या वसाहती उगवल्या तेव्हा वर्गात खरोखर आरडाओरडा झाला. रविवार मध्ये आल्याने दुसऱ्या तुकडीच्या ताटल्या दोन रात्री उबवणीपेटीत राहिल्या आणि प्रत्येक मोठ्या वसाहतीभोवती बारीक वसाहतींचे कडे दिसू लागले. प्लास्मिडधारक जीवाणूंच्या एन्झाइमने आसपासचे अँपिसिलिन नष्ट केले, की प्लास्मिड नसलेले शेजारीही त्या आश्रयाला वाढतात. मुलांनी तेही मोजले.

पुस्तिकेच्या प्रस्तावनेत डीएनएचे तुकडे प्लास्मिडात जोडून ते जीवाणूत घालण्याचा १९७३ चा कोहेन आणि बॉयर यांचा प्रयोग आहे, जीवाणूंकडून बनवून घेतलेले, १९८२ मध्ये मान्यता मिळालेले मानवी इन्सुलिन आहे आणि मग एकदम मजकूर संपतो. प्लास्मिडच जिच्यात लस म्हणून टोचले जाते त्या कोविडवरील झायकोव्ह-डीला भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता दिली. स्युडोमोनासमधील प्लास्मिडे एकत्र आणून तेल पचवणारा जीवाणू घडवणाऱ्या आनंद मोहन चक्रवर्तींचा त्या जीवाणूच्या पेटंटचा खटला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. आणि आमच्या महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर, पवईच्या आयआयटीने टाटा स्मारक केंद्रासोबत विकसित केलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरील उपचारातील जनुकवाहक विषाणूही आधी प्लास्मिडांवरच रचावा लागतो. भारतीय विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या पुस्तिकेत यांपैकी एकाचाही उल्लेख नसावा, हे मला खटकले.

किंमत आमच्या एका सत्राच्या रसायनखर्चाच्या जवळपास जाते. ज्या विभागाने हा प्रयोग कधीच केला नाही, त्याने किट एकदा जरूर घ्यावे. आम्ही या वर्षी जीवाणूंचा संच, स्तंभ आणि इकोआरवन एवढेच मागवले आहे. तिन्ही द्रावणे आता विद्यार्थीच तयार करतात, दुसरे तर दर वेळी ताजे, आणि बाटल्यांवर आकड्यांऐवजी घटकांची नावे लिहितात.