डेको एम-४: पंधरा बाय पन्नासच्या घरात दोन डबे आणि एक कूलर

आमचं घर नागपूरच्या हनुमाननगरात, पंधरा फूट रुंद आणि पन्नास फूट लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती, म्हणजे घर कसलं, रेल्वेचा डबाच. समोर हॉल, त्यामागे मधली खोली, मग एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला पाच फुटांचा उघडा चौक, आणि सगळ्यात शेवटी मागची खोली. फायबरची पेटी हॉलमध्ये दाराच्या वर. माझं टेबल मागच्या खोलीत. चौदा दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न मी तिथून भरते, त्यातले बरेचसे इतवारीतले.

डेको एम-४ हा टीपी-लिंकचा मेश वाय-फायचा जोड: एक डबा नेटच्या पेटीला जोडायचा, दुसरा घरात पुढे ठेवायचा, आणि घरभर एकाच नावाचं वाय-फाय. एवढ्याशा घराला मेश कशाला, असं मलाही वाटायचं. पण १०० एमबीपीएसच्या प्लॅनमधले माझ्या टेबलापर्यंत सहा-सात पोचत होते. मधल्या दोन भिंती नऊ-नऊ इंची विटांच्या आहेत, त्यात स्वयंपाकघरातला फ्रिज आणि माझ्या लग्नातली लोखंडी आलमारी. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ चा पट्टा भिंत ओलांडतो, मात्र आमच्या गल्लीत दहा-बारा घरांचे वाय-फाय त्याच पट्ट्यावर एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात.

फेब्रुवारीत सीताबर्डीवर गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, तीनचा जोड घ्या, टेन्शनच नाही." मी दोनचाच घेतला आणि तेच बरोबर होतं. वायरशिवाय जोडलेला दुसरा डबा एकाच रेडिओवरून पहिल्याशी बोलतो आणि तुमच्या लॅपटॉपशीही बोलतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. तिसरा डबा म्हणजे आणखी एक टप्पा. शिवाय साडेसातशे चौरस फुटांत तीन डबे ठेवले की फोनला कोणाचा हात धरावा तेच कळत नाही, तो जुन्यालाच चिकटून बसतो.

डेको ई-४ थोडा स्वस्त होता. दोन्ही एसी-१२०० वर्गाचे, म्हणजे वाय-फायचा वेग सारखाच, फरक मागे वायर खोचायच्या पोर्टमध्ये. ई-४ चे पोर्ट १०० एमबीपीएसचे, एम-४ चे गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचे. माझा प्लॅन आज १००चाच आहे, पण पोरगा बारावीत गेला की प्लॅन वाढणार हे ठरलेलं, म्हणून एम-४. पुढच्या पिढीचा, वाय-फाय ६ वाला एक्स-२० ही होता. आमच्या घरातला निम्मा माल, माझा लॅपटॉप धरून, वाय-फाय ५ चाच आहे, म्हणून तो सोडला.

आता जागेचं. माझी पहिली चूक बहुतेक लोक करतात तीच. दुसरा डबा मी माझ्या टेबलाशेजारी ठेवला, कारण नेट तिथे येत नव्हतं. फोनवर सिग्नलच्या पूर्ण काड्या, आणि वेग बारा! त्या काड्या फोनला जवळच्या डब्याचा सिग्नल किती जोरात मिळतोय, तेवढंच सांगतात. डब्यालाच हॉलमधून काय मिळतंय, ते सांगत नाहीत. कोरड्या विहिरीवर नवा पोहरा बांधला तरी पाणी कुठून येणार? दुसरा डबा जिथे नेट मरतं तिथे ठेवायचा नसतो. मरायच्या आधी, जिथे ते अजून धडधाकट आहे, तिथे ठेवायचा.

मग तो मधल्या खोलीत नेला, चौकाकडच्या खिडकीशी स्टुलावर. टेबलावर सत्तरच्या वर यायला लागले. मला वाटलं सिग्नल भिंतीतून येतोय. प्रत्यक्षात तो मधल्या खोलीच्या खिडकीतून चौकात उतरून मागच्या खोलीच्या खिडकीतून आत येत होता, हे मला एप्रिलपर्यंत कळलं नाही.

एप्रिल म्हटलं की नागपुरात काय होतं ते सांगायला नको. मार्चच्या शेवटी आमचा कूलर गच्चीवरून उतरला, नव्या ताट्या लागल्या आणि तो त्या चौकाकडच्या खिडकीत बसला. दरवर्षी तिथेच बसतो. चारी बाजूंनी पत्रा, खाली टाकीभर पाणी, ओल्या ताट्या. वाय-फायला अडवायचं म्हणून कोणी मुद्दाम यंत्र बनवलं असतं तर ते असंच दिसलं असतं. पत्रा लहरी परत फेकतो आणि पाणी त्या पिऊन टाकतं. स्टूल आम्ही बाजूला सरकवला आणि विसरलो.

वीस एप्रिलला जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, ३-बी ची, शेवटची तारीख. रात्री नऊ वाजता पाच रिटर्न बाकी, पान उघडता उघडेना, ओटीपी टाकेपर्यंत त्याची मुदत संपलेली. मी पोर्टलला मनसोक्त शिव्या घातल्या. इकडे हे म्हणतात, "अगं, हॉलमध्ये तर झकास चालू आहे." मग लॅपटॉप उचलून हॉलमध्ये सासूबाईंच्या दिवाणावर बसले. त्यांची मालिका, माझे रिटर्न, पाचही भरले. म्हणजे दोष पोर्टलचा नव्हता. टेबलावर तपासलं तर अठरा, तेही मध्येच तुटणारे.

शोध लावला पोराने. "मम्मी, कूलर लागल्यापासूनच असं होऊन राहिलं ना?" त्याने एक्स्टेन्शन बोर्ड ओढून डबा दहा मिनिटं चौकात कूलरच्या पलीकडे धरला. टेबलावर एकदम साठ. पण चौकात ऊन येतं आणि जूनपासून पाऊस, तिथे डबा ठेवणं शक्य नाही. खोक्यावरच्या माहितीप्रमाणे तो ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालतो. मेमध्ये आमची मागची खोली दुपारी एवढी तापते की कधीकधी माझंच चालणं बंद होतं.

शेवटी वायर टाकली. कॅट-६ म्हणजे नेटवर्कची वायर, वीस मीटर, हॉलपासून दरवाजांच्या माथ्यावरून पट्टीतून मागच्या खोलीपर्यंत. इलेक्ट्रिशियन भाऊ ती विजेच्याच पाइपात सारायला निघाले होते, त्यांना थांबवलं. ती वायर विजेच्या तारांपासून वेगळीच न्यावी लागते. दुसरा डबा पुन्हा माझ्या खोलीत गेला, पण आता जमिनीपासून पाच फूट उंच फळीवर, पश्चिमेची भिंत सोडून आणि पंख्याखाली. वायर खोचली की डेको स्वतःच ओळखतो, ॲपमध्ये काही करावं लागलं नाही. टेबलावर ९४. निम्मं होण्याचा प्रश्नच मिटला, कारण आता दोन डबे हवेतून बोलत नाहीत.

मग तुम्ही म्हणाल, वायरच टाकायची होती तर मेश कशाला? रास्त आहे. नुसती वायर आणि तिच्यातून आलेलं नेट वाय-फायवर देणारा एक साधा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, यातही माझं टेबल चाललं असतं. मेशचा फायदा मला स्वयंपाकघरात कळतो. क्लायंटच्या व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत हॉलमधून मागे जाते, नाव एकच, कॉल तुटत नाही. आधी सिग्नल पुढे ढकलणारा साधा एक्स्टेंडर होता तेव्हा दर वेळी फ्रिजपाशी माझा चेहरा गोठायचा.

लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नेटवाल्यांच्या पेटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, नाहीतर त्याचं आणि डेकोचं वाय-फाय एकमेकांच्या वर बसतं. आणि घरात दोन राउटर होऊ देऊ नका; त्यासाठी मी डेकोला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे राउटरचं काम पेटीच करते. त्याची किंमत अशी की मुलांसाठी वेळ बांधून द्यायची सोय या मोडमध्ये मिळत नाही. पोराला हे माझ्याआधी माहीत होतं, असा माझा संशय आहे. पेटी ब्रिज मोडवर टाकून मिळाली, म्हणजे राउटरचं काम तिच्याकडून काढून डेकोला दिलं, तर दोन्ही जमतं, पण आमच्या कंपनीच्या फोनवरच्या मुलाने तो शब्द मलाच तीनदा विचारला. ॲपमध्ये खातं उघडल्याशिवाय डबा सुरू होत नाही, तेवढं मला आवडलं नाही.

आणि इन्व्हर्टर! आमच्याकडे इन्व्हर्टरची लाइन फक्त हॉलला होती. दुपारी वीज गेली की हॉलमधला डबा जिवंत आणि मागचा मेलेला, लॅपटॉपची बॅटरी भरलेली तरी काम ठप्प. मागच्या खोलीतला एक पॉइंट त्या लाइनवर घ्यायला भाऊंना अर्धा तास लागला. वायर टाकतानाच सांगितलं असतं तर दुसऱ्या फेरीचे पैसे वाचले असते.

दोनचा जोड मला सात हजारांच्या आत पडला, वायर आणि मजुरी वेगळी. तीन महिन्यांत दोघांपैकी एकही डबा मला रीस्टार्ट करावा लागलेला नाही. पांढरे, गोल, वीतभर उंच. सासूबाईंनी हॉलमधल्या डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, तो तेवढा काढायला लावला.

गच्चीवर मात्र अजूनही काही येत नाही, स्लॅबमधल्या सळ्यांपुढे कोणाचं चालत नाही. एप्रिलमध्ये सासूबाई वर कुरडया आणि सरगुंडे घालत बसतात आणि फोनवर भजनं हवी असतात. त्यासाठी तिसरा डबा घ्यायचा का, असं यांनी विचारलं. मी आदल्या रात्री भजनं त्यांच्या फोनमध्ये उतरवून देते.