बीएएसएलपीनंतर : ऑडिओलॉजी की स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी?

बीएएसएलपी म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा या दोन्ही विषयांची पदवी. तिची तीन वर्षे आणि इंटर्नशिपचे चौथे वर्ष संपत आले की एम.एस्सी. ऑडिओलॉजीत (श्रवणशास्त्रात) करावी की स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत (वाचा-भाषा उपचारात), हा पेच विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. बीएएसएलपीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या पदवीधराला श्रवणतपासणी आणि वाचाउपचार ही दोन्ही कामे करता येतात, आणि एका विषयात एम.एस्सी. केल्याने दुसऱ्याचा अधिकार जात नाही. तेव्हा घरची मंडळी समजतात तितकी ही निवड कायमची नसते.

ऑडिओलॉजीच्या कामाला मोजमापाचा भक्कम आधार असतो. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचा ऑडिओग्राम (किती बारीक आवाज ऐकू येतो याचा आलेख), टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मधल्या कानाची तपासणी), ओएई (आतल्या कानाच्या प्रतिसादाची तपासणी) आणि बेरा (श्रवणचेता व मेंदूपर्यंतच्या मार्गाची तपासणी) एकमेकांशी ताडून पाहिल्यावर दोष मधल्या कानात आहे, कॉक्लियात म्हणजे आतल्या कानात आहे की श्रवणचेतेत, म्हणजे ऐकण्याच्या नसेत, याचा अंदाज बऱ्याचदा त्याच दिवशी बांधता येतो. नवजात बालकाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, हे सूत्र याच शाखेचे. कॉक्लियर इम्प्लांटचे (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या श्रवणयंत्रणेचे) मॅपिंग, म्हणजे रुग्णानुसार जुळणी, आणि तोल जाण्याच्या तक्रारींची तपासणीही इकडेच येते. स्वतःचे क्लिनिक काढायचे तर मात्र ध्वनिरोधक खोली, ऑडिओमीटर (श्रवण मोजण्याचे यंत्र) आणि त्याचे नियमित कॅलिब्रेशन (अचूकतेची जुळणी) यांचा खर्च आधी उभा राहतो. शिवाय खासगी नोकऱ्यांपैकी बऱ्याचशा श्रवणयंत्रांच्या विक्रीशी जोडलेल्या असतात, आणि महिनाअखेरीचे विक्रीचे लक्ष्य हा विषय कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवला जात नाही.

स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत मोजमाप आहेच, पण खरे काम नंतर सुरू होते. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले आजोबा, अडखळत बोलणारा कॉलेजचा मुलगा, ऑटिझम असलेले चार वर्षांचे मूल आणि गिळताना ठसका लागणारा रुग्ण यांच्यासोबत आठवड्यांमागून आठवडे बसावे लागते. पालकांनी मधेच येणे थांबवले तर तेवढी मेहनत वायाही जाते. खोली, चित्रे आणि खेळणी एवढ्यावर सुरुवात करता येते, हा या शाखेचा व्यावहारिक फायदा होय.

माझ्या मते निर्णायक मुद्दा भाषेचा आहे, आणि प्रवेश घेताना नेमका तोच मागे पडतो. शुद्ध स्वरांचा ऑडिओग्राम म्हैसूरला काढला काय किंवा मुंबईला, तो सारखाच वाचला जातो. शब्द ऐकवून करायच्या चाचण्यांपुरतीच भाषा आडवी येते. वाचाउपचारात मात्र भाषा हेच हत्यार असते. मूल 'बाळ'ऐवजी 'बाल' म्हणते ते वयाला धरून आहे की दोष आहे, किंवा 'चहा'तला आणि 'चाक'मधला च ते वेगळा उच्चारते का, हे मराठी कान असलेल्यालाच चटकन कळते. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेची १९६५ पासूनची परंपरा आणि तेथील संशोधनाची शिस्त मोठी आहे. तरीही मराठी मुलांसोबत काम करायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याला तिथे बरीचशी प्रत्यक्ष तालीम कन्नड कुटुंबांसोबत घ्यावी लागेल. १९८३ साली स्थापन झालेल्या, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मराठी, हिंदी, गुजराती असे मिश्र वातावरण मिळते आणि कॉक्लियर इम्प्लांटच्या केंद्रीय योजनेचे कामही जवळून पाहता येते. ऑडिओलॉजी घेणाऱ्याने म्हैसूरची संधी भाषेपायी सोडू नये. स्पीच घेणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा.

परदेशाचा हिशेब थोडा उलटा आहे. अमेरिकेत नव्याने श्रवणतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्याला साधारण चार वर्षांची क्लिनिकल डॉक्टरेट लागते, तर वाचा-भाषातज्ज्ञाचे काम मास्टर्सवर भागते. पण तिथे उपचार इंग्रजीतून करावे लागतात.

तरीही मन ठरत नसेल, तर इंटर्नशिपच्या लॉगबुकात (कामाच्या नोंदवहीत) आवश्यक तास भरून झाल्यावरही आपण कोणत्या खोलीत रेंगाळत होतो, ते आठवून पाहावे.