'लाइफटाइम की' घेतली आणि गंडलो

शॅडोसॉक्स म्हणजे ब्लॉक केलेल्या साइट उघडून देणारं टूल. त्याची की, म्हणजे सर्व्हरला जोडायची माहिती असलेली ओळ, कुणाकडून विकत घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

झालं असं की कामासाठी जिथं राहत होतो तिथं मेल, नकाशे, व्हिडिओ सगळंच ब्लॉक आणि नेहमीचे व्हीपीएन जरा वेळ चालले की मान टाकायचे. कुणीतरी म्हणलं शॅडोसॉक्स घे. टूलमध्ये खोट नाही हे आधीच सांगतो. 2012 ला एका चिनी प्रोग्रॅमरनं बनवलं, 2015 ला पोलिसांनी थांबव म्हणल्यावर त्यानं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा कोड काढला, तरी बाकीच्यांनी ते चालू ठेवलं, आणि फुकट आहे. पण सर्व्हर लागतोच, तो स्वतः भाड्यानं घेऊन सेटअप करा नाहीतर दुसऱ्याचा वापरा. मला आळस.

टेलिग्रामवर एक जण भेटला. "सर्व्हर फक्त तुमच्यासाठी, लाइफटाइम." कुणाची लाइफ ते विचारलं नाही. पैसे फक्त क्रिप्टोत, रिफंड नाही, तेव्हाच खटकायला हवं होतं पण अडला हरी.

आठ दिवस मस्त चाललं, मग संध्याकाळ झाली की साधं पेजही उघडेना. शेवटी ती की उलगडून बघितली. अगम्य दिसते म्हणून आपल्याला वाटतं लॉक केलेली असेल, तसं काही नाही, नुसतं बेस64 असतं, म्हणजे तोच मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, कुणीही उलगडू शकतं. आत सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन आरसी4-एमडी5, म्हणजे जुनाट माल. पत्ता सर्च केला तर फुकट की वाटणाऱ्या एका यादीत तोच पत्ता, तोच पासवर्ड! फुकटातली की मला विकली होती पठ्ठ्यानं.

भांडलो तर एकदम गोड बोलायला लागला, सॉरी भाई, आमचं नवीन ॲप टाका, त्यात खास सर्व्हर आहे. ॲपनं एक सर्टिफिकेट इन्स्टॉल करायला सांगितलं, मी केलं. खरा घोळ इथं झाला. शॅडोसॉक्सला फोनवर व्हीपीएनची परवानगी लागते, सर्टिफिकेट लागतच नाही. एरवी सर्व्हरवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर जाताय एवढं दिसतं, एचटीटीपीएसच्या, म्हणजे तुमच्या आणि साइटच्या लॉक केलेल्या संवादाच्या आतलं दिसत नाही, पण त्याचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची हमी देणारी फाइल) टाकलं की ब्राउझर त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि तो मधे बसून सगळं वाचू शकतो, पासवर्डसकट.

तिसऱ्या दिवशी मेलला अनोळखी ठिकाणाहून लॉगिन. घाबरून लगेच पासवर्ड बदलला, दुसऱ्या दिवशी परत लॉगिन. डोकं चालेना. मग लक्षात आलं, मेल ब्लॉक असल्यामुळे पासवर्ड बदलायला मी ब्राउझरमधून, त्याच ॲपमधून गेलो होतो. नवीन पासवर्ड स्वतःच्या हातानं त्याला नेऊन दिला.

तोवर त्याचं अकाउंट गायब. चीनमध्ये असल्या विकणाऱ्यांना 'जिचांग' म्हणजे विमानतळ म्हणतात आणि मालक पैसे घेऊन पसार झाला की 'पाओलू', इतकं नेहमीचं आहे की शब्दच पडलाय. आणि तक्रार तरी कुठं करणार, ब्लॉक केलेल्या साइट बघायला की घेतली होती असं सांगू?

ॲप डिलीट केलं, दुसऱ्याच्या फोनवरून पासवर्ड बदलले, संपलं असं वाटलं. तीन आठवड्यांनी सहज सेटिंगमध्ये सिक्युरिटीत गेलो तर ते सर्टिफिकेट तिथंच होतं. ॲप काढलं तरी ते जात नाही, वेगळं काढावं लागतं.