सुरमईसाठी गॅफ: घडीचा नको, अखंड दांड्याचा घ्या

पुण्यात फिशिंगच्या दुकानात गॅफ, म्हणजे गळाला लागलेला मासा बोटीत ओढून घ्यायचा दांड्याचा आकडा, मागितला की बहुधा आधी हातात पडतो तो घडीचा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. डिकीत मावतो, म्हणून हर्णै-मालवणला जाणारे तोच उचलतात. बोटीवर मात्र तो बेभरवशाचा. मीठ आणि वाळू शिरून नळ्या जाम होतात किंवा पकड ढिली पडते. मग दहा किलोच्या कुप्याने (ट्यूनाने) झटका दिला की नळी गर्रकन फिरते, आकडा उलटतो आणि मासा जातो.

त्यापेक्षा अखंड फायबर दांड्याचा गॅफ कधीही उजवा. काठ बुटका असलेल्या छोट्या होडीला चार-पाच फूट पुरतात, उंच बोटीला सहा ते आठ. पाच फुटी दांडा पुढची सीट पाडली की छोट्या गाडीतही तिरका बसतो, तेव्हा ती सबब नको.

आकड्याचं टोक आणि आकड्याचीच सरळ दांडी यांतलं अंतर नीट बघा. दहा किलोपर्यंत दोन इंच, पंचवीसपर्यंत तीन, त्यापुढे चार. लहान माशाला चार इंची आकडा नुसता वळसा घालतो, रुतत नाही. घेण्याआधी आकडा मुठीत धरून दांडा पिळा. जरा जरी हलला तर परत ठेवा. ॲल्युमिनियमचा दांडा आणि स्टीलचा आकडा ही जोडी खाऱ्या पाण्यात सांध्यापाशी ॲल्युमिनियम खाते. तिथे पांढरी भुकटी दिसली की समजावं.

वापरताना घाई नडते. मासा दमून आडवा झाल्याशिवाय गॅफ पाण्यावर नेऊ नका. गळाचा दोर ओलांडून कधीच मारू नका, दोराच्या मागून जा. आकडा पाठीवरून पलीकडे, टोक खाली, आणि डोक्यामागच्या खांद्यात एकच ओढ. कुऱ्हाडीसारखे घाव घातले तर दोर तुटतो. पोटात लागला तर मांस फाटतं, मासाही सुटतो. रुतला की दांडा उभा करून थेट बर्फाच्या पेटीत. रॉडवाल्याने तोवर ड्रॅग, म्हणजे रीळचा ब्रेक, थोडा सैल ठेवावा. मासा आकड्यावरून सुटलाच तर दोर वाचतो. दांड्याची दोरी मनगटाला गुंडाळू नका, मोठा मासा माणसालाही ओढतो.

मुळशी-पवनेकडे गॅफ नेऊच नका. महसीर परत सोडायचा मासा, त्याला बिनगाठीची जाळीच हवी.

टोकावर रबरी नळीचा तुकडा घालून ठेवा. कानस मारायची ती टोकाकडे, आणि आतल्या बाजूची धार बोथटच राहू द्या, नाहीतर ती मांस कापत जाते.