सॉफ्ट फोकस लेन्स की सॉफ्टार फिल्टर? खान्देशच्या उन्हातील निवड

मामिया आरबी६७ या ६×७ सेंटीमीटर चौकटीच्या फिल्म कॅमेऱ्यावर मृदू व्यक्तिचित्र काढायचे, तर १५० मिमी एफ/४ ही खास सॉफ्ट फोकस लेन्स वापरावी की नेहमीच्या लेन्सवर सॉफ्टार हा चित्र मृदू करणारा फिल्टर चढवावा, हे जळगाव-धुळ्याकडे बरेचसे ऊनच ठरवते. खास लेन्समध्ये गोलीय विपथन, म्हणजे भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच ठिकाणी न जुळण्याचा दोष, मुद्दाम शिल्लक ठेवलेले असते. त्यामुळे डोळ्यांचा रेखीवपणा टिकून त्यावर प्रकाशाची साय धरते, आणि आजीच्या नथीतील मोत्याभोवती उमटणारे वलय, माझ्या मते, फिल्टरला तितके साधत नाही. मात्र ही मृदुता अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या आकारावर ठरते (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान): ती एफ/४ वर भरपूर, एफ/५.६ वर बेताची आणि एफ/८ च्या पुढे जवळजवळ नाहीशी होते. आरबी६७ च्या शटरचा कमाल वेग १/४०० सेकंद आहे; म्हणजे वैशाखातल्या भर उन्हात आयएसओ १०० ची, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील फिल्म घातली तरी अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंत लहान करावे लागते आणि लेन्सवर खर्च केलेले पैसे पाण्यात जातात. ओसरीच्या सावलीत मात्र हीच लेन्स खुलते.

सॉफ्टारच्या पृष्ठभागावरील बारीक उंचवट्यांचा परिणाम अ‍ॅपर्चरनुसार फारसा बदलत नाही, म्हणून केळीच्या बागेच्या बांधावर, उघड्या उन्हात, तोच सोयीचा. शिवाय सॉफ्ट लेन्सचे अ‍ॅपर्चर लहान केले की फोकस सरकतो. तेव्हा फोटो ज्या अ‍ॅपर्चरवर काढायचा, त्यावरच फोकस तपासावा लागतो. या कॅमेऱ्यातल्या १२० आकाराच्या फिल्म रोलमध्ये दहाच फोटो मिळतात, त्यामुळे लग्नघरच्या घाईत मी फिल्टरच निवडेन.