मराठी आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब की डेटारॅपर?

इंदूरच्या आमच्या मराठी वाचनालयाच्या वार्षिक अहवालातले आलेख चार वर्षं मी काढतोय. तीन वर्षं मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहून आलेख काढायचं साधन; यंदा डेटारॅपर, म्हणजे वेबसाइटवर आकडे भरून आलेख काढायची सेवा. दोन्ही फुकटात भागतात, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही.

मॅटप्लॉटलिबचं मोल मी जाणतो. कोड एकदा लिहिला की पुढच्या वर्षी नुसते आकडे बदलायचे. छापखान्याला पीडीएफ देता येते, कितीही मोठी केली तरी रेघ फाटत नाही. 2017 च्या 2.0 आवृत्तीपासून न सांगता आपोआप मिळणारा व्हिरिडिस नावाचा रंगपट तर फार विचारपूर्वक केलेला आहे: गडदाकडून फिक्याकडे इतका सरळ जातो की काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही चढउतार कळतो. आमच्या अर्ध्या प्रती झेरॉक्सच असतात.

घोडं अडलं ते देवनागरीवर. निदान मी वापरलेल्या आवृत्त्यांत तरी फाँट दिला की अक्षरं उमटायची, पण जुळायची नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. 'दिवाळी अंक'चं 'दविाळी अंक' झालं. 'चरित्र' मधला त्र फुटून पाय मोडका त् आणि शेजारी र. ग्रंथपाल काकूंनी कच्ची प्रत बघून विचारलं, "अरे, आपल्याच अहवालात मराठी असं?" मग मी नावांशिवाय आलेख काढून नावं वरून चिकटवू लागलो. एकदा ती एक ओळ खाली सरकली आणि नाटकांचे आकडे प्रवासवर्णनांसमोर छापले गेले. त्या चुकीचं मला अजून वाईट वाटतं.

डेटारॅपर ब्राउझरमध्ये चालतं आणि अक्षरं जुळवायचं काम ब्राउझरच करतो, म्हणून 'चरित्र' चरित्रच राहतं. लांब नावं आडव्या पट्ट्यांच्या डावीकडे सरळ बसतात, मान वाकडी करावी लागत नाही. आकडा पट्टीच्या टोकाशीच, त्यामुळे वेगळी रंगसूची नको. मी सगळ्या पट्ट्या राखाडी ठेवल्या आणि फक्त बालसाहित्याची केशरी केली. नजर थेट तिथे जाते. रंगांधळ्यांना रंग वेगळे दिसतील का, हेही ते तपासून सांगतं.

उणं आहेच. पीडीएफ पैसे भरल्यावर मिळते, फुकटात पीएनजी, म्हणजे साधी चित्राची फाइल. मी ती मोठ्या मापात उतरवून घेतली, छपाई ठीक आली. खाली त्यांच्या नावाची बारीक ओळही राहते.

नावं इंग्रजीत असतील किंवा एकसारखे शेकडो आलेख काढायचे असतील तर कदाचित मॅटप्लॉटलिबच बरं. पण वाचणारे मराठी असतील तर मी तरी मागे जाणार नाही. यंदा काकूंनी प्रत परत दिली तेव्हा पेन्सिलीची खूण एकच होती: बालसाहित्यात देणगीची 12 पुस्तकं धरायची राहिली होती.